चौथा पाय आढळला नाही

“आखूड आहे! लिही, डावा पाय आखूड आहे!”

काका ओरडत होते. मे महिना, दुपारचे सव्वाबारा, मुलुंडमधल्या आमच्या सहा मजली इमारतीची गच्ची. कबुतरांनी उडणं बंद करून टाकीच्या सावलीत रांग लावली होती. टाकीतलं पाणी इतकं तापलं होतं की सहाव्या मजल्यावरची माणसं चहापत्ती थेट नळाखाली धरत होती. आणि असल्या उन्हात, गच्चीच्या मधोमध, एका लोखंडी भांड्यात बाभळीची लाकडं धडाडून पेटवून माझे घरमालक जमिनीला गाल लावून त्या भांड्याचे पाय बघत होते. मी एका हातात क्लिपबोर्ड आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन उभा होतो. छत्री माझ्यासाठी नव्हती. क्लिपबोर्डवरचा कागद पेटू नये म्हणून होती.

“मघाशी सारखे होते, काका,” मी म्हटलं.

“मघाशी तू मोजलं होतंस?”

“नाही.”

“मग मघाशीचं बोलू नकोस. हे बघ, आता उजवाही आखूड व्हायला लागला. लिही.”

पाय आखूड होत नव्हते, पाय गच्चीत शिरत होते. पावसाचं पाणी खाली झिरपू नये म्हणून सोसायटीने आदल्याच वर्षी गच्चीवर डांबराची शीट अंथरली होती. वरून ऊन आणि मधून ह्यांचा जाळ, त्यामुळे ती लोण्यासारखी मऊ झाली होती, आणि म्हैस डबक्यात बसते तसं ते भांडं त्यात आरामात बसत चाललं होतं. मी हे काकांना सांगितलं. त्यांनी उताणं होऊन माझ्याकडे बघितलं. गालाला डांबर लागलेलं.

“तपासणी भांड्याची चाललीय,” ते म्हणाले. “त्यात गच्चीचा विषय आणू नकोस.”

एवढ्यात धूर बघून सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. “अंकल, ये क्या होली लगाया है,” म्हणत चार पावलं धावले आणि पाचव्या पावलाला त्यांचा पाय पुढे आला, चप्पल मागे राहिली. काकांनी मान न वळवता त्यांना सुनावलं, की तपासणीच्या जागेत पायताण घालून यायचं नसतं. सेक्रेटरी एका पायावर नाचत नाचत परत गेले. ती चप्पल काही निघाली नाही. मी घर सोडलं तेव्हाही ती तिथेच होती आणि तिच्यावर बसण्यासाठी कबुतरांचे नंबर लागलेले असायचे.

ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं ते भांडं म्हणजे शेकोटीचं भांडं. गाडीत टाकून न्यायचं, उघड्यावर पायांवर उभं करायचं, लाकडं पेटवायची, भोवती बसायचं. मी एकदा त्याला शेगडी म्हणालो तर काका तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. फायर पिट म्हणायचं. पोर्टेबल फायर पिट. तो निवडायला ह्या माणसाने अडीच वर्षं घेतली. अडीच वर्षांत माणसं लग्न करून, मूल होऊन, वेगळीही होतात.

काका विक्रोळीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं येणारा माल तपासायच्या खात्यात होते. बाहेरून स्क्रू येवोत, पत्रे येवोत, रबराच्या चकत्या येवोत, ह्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय आत जायचं नाही. टेबलावर दोन बंडलं: हिरवं स्टिकर पासचं, लाल नापासचं. निवृत्तीच्या दिवशी म्हणे काकांनी हिरवं बंडल सीलबंद परत केलं. कारखाना मग चालला कसा, हे मी एकदा विचारलं. रात्रपाळीला दुसरा इन्स्पेक्टर होता, असं काकू म्हणाल्या.

ह्याच्यामागे काकांचं एक तत्त्वज्ञान होतं. ते म्हणायचे, “वस्तू वाईट नसते रे, तपासणारा ढिला असतो.” ऐकायला भारदस्त. पण मी त्यांच्या डोक्यावर पाच वर्षं राहिलो, म्हणजे ते पहिल्या मजल्यावर आणि मी त्यांच्याच सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, आणि मला खरी गोम कळली होती. पास केलेली वस्तू उद्या फुटली तर लोक विचारतात, पास कुणी केली. नापास केलेली वस्तू कधीच कुणाच्या अंगावर उलटत नाही. ह्या एका भांडवलावर माणूस चौतीस वर्षं ताठ मानेने जगला आणि त्याला वाटत राहिलं की तो कडक आहे.

निवृत्तीनंतर लाल बंडल घरी आलं. मुलुंडच्या बाजारात काका खिशात व्हर्नियर घेऊन जायचे. ते म्हणजे सूतभर जाडीसुद्धा मोजणारं लोखंडी मापक, कारखान्यात बेअरिंग मोजायला वापरतात ते. ह्यांनी त्याने भेंड्या मोजल्या. भाजीवाली त्यांना लांबून बघितलं की टोपलीवर गोणपाट ओढून घ्यायची. एकदा त्यांनी शहाळं नापास केलं, पिऊन झाल्यावर. ड्रायव्हिंगच्या परीक्षेला गेले तेव्हा परीक्षकाने गाडी सुरू करायला सांगितली. काकांनी आधी परीक्षकाच्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो हे दाखवून दिलं, मग त्याच्या टेबलावरचा शिक्का तिरका उमटतो हे, मग त्याचा चष्मा. त्या दिवशी नापास कोण झालं ह्यावर दोन्ही पक्षांचं अजून एकमत नाही, पण लायसन्स काही काकांना मिळालं नाही.

मला भाडेकरू म्हणून त्यांनी डेव्हिएशनवर घेतलं होतं. हा त्यांचा कारखान्यातला शब्द. माल सदोष आहे, पण गरज तातडीची आहे, तेव्हा दोष लिहून ठेवून, कुणाच्या तरी सहीने, तेवढ्यापुरता घ्यायचा. माझे दोष दोन: एकटा, आणि उशिरा उठतो. सही काकूंनी केली. काकू मला चहा देताना म्हणाल्या होत्या, “वाईट वाटून घेऊ नकोस. मलाही डेव्हिएशनवरच घेतलंय. शेऱ्यात लिहिलं असेल, पाय गार.”

काकूंचे पाय खरंच गार असायचे. मेमध्येसुद्धा मोजे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, शिरा तपासल्या, काही निघालं नाही. त्यांचं बालपण घाटकोपरच्या चाळीत एका खोलीत गेलेलं, वडील गिरणीत. थंडीच्या दिवसांत वडील सांगायचे की आपल्या गावी राजापूरकडे अंगणात शेकोटी पेटते, सगळे पाय पुढे करून गोल बसतात. सांगता सांगता ते स्वतःचे पाय स्टोपुढे करायचे आणि आई ओरडायची, भाकरीवर पाय आणू नका म्हणून. काकूंनी शेकोटी कधी बघितली नव्हती. गाव मामलेदाराच्या कागदावरच उरलेलं. तर काकूंचं म्हणणं एवढंच होतं, की एकदा कुठेतरी उघड्यावर खुर्ची टाकायची, कुणीतरी दुसऱ्याने जाळ करायचा, कुणीतरी दुसऱ्याने स्वयंपाक करायचा, आणि आपण पाय शेकायचे. मुंबईत थंडी पडत नाही म्हणून माझे पाय गार पडत नाहीत का, असं त्या विचारायच्या.

ह्यासाठीच गाडी आली होती. एका शाळेची जुनी मिनीबस, पिवळी. काकांनी ती घेतली कशी हे मला कोडंच होतं. नंतर कळलं, ते टायफॉइडने आडवे असताना काकूंनी घेतली. आत फळ्यांचा पलंग, बेसिन, दाराला गुंडाळून ठेवायची ताडपत्री. मागे मात्र अजून लिहिलेलं होतं: ‘सावकाश, मुले उतरत आहेत’. काकूंनी एकोणसाठाव्या वर्षी गाडी चालवायला शिकून लायसन्स काढलं. पण काकांचा हुकूम: साहित्य पूर्ण झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर जाणार नाही. मग काकू कंपाउंडमध्येच सराव करायच्या. बारा फूट पुढे, बारा फूट मागे. बारा-बारा फुटांनी त्यांनी जे अंतर कापलं ते सरळ मोजलं असतं तर बाई श्रीनगरला पोचून परत फिरल्या असत्या.

साहित्य म्हणजे बाकी काही नाही, तो फायर पिटच. मुरबाडच्या पुढे एका धरणाच्या काठी गाड्या लावून राहायची जागा होती. तिथल्या मालकाने फोनवर सांगितलं होतं, जमिनीवर जाळ चालणार नाही, माझं गवत जळतं, पायांवर उभं राहील असं भांडं घेऊन या. ह्यात चूक काही नव्हती. चूक ही झाली की फोन काकांनी उचलला.

त्यांनी तपासणीचा फॉर्म बनवला. कारखान्यातलाच जुना फॉर्म, वरचं नाव खोडून. आणि कारखान्यातलाच नियम: वस्तू सगळ्यात वाईट परिस्थितीत तपासायची. ह्या नियमानुसार, थंडीत ऊब देणारी वस्तू काकांनी मेमध्ये भर दुपारी गच्चीवर तपासायची ठरवली. जगात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात हे येणार नाही. चौतीस वर्षं एका टेबलावर बसावं लागतं त्यासाठी.

पहिला आला तो घडीचा, स्टीलच्या पट्ट्यांचा. मिटला की पुस्तकासारखा सपाट. माझ्या मते तिथेच विषय संपायला हरकत नव्हती. काकांना एक पट्टी दुसरीपेक्षा दोन केस जाड सापडली. मग एक आला जाळीचा, हलका, छत्रीसारखा उघडणारा. त्यातून ठिणग्या खाली पडतात की नाही बघायला काका स्वतः त्याच्याखाली हात धरून बसले आणि पडतात हे सिद्ध केलं. हाताला पंधरा दिवस पट्टी होती आणि चेहऱ्यावर समाधान. त्यानंतरचा दुहेरी भिंतीचा, धूर न करणारा. तो खरंच धूर करेना. काका उदबत्ती घेऊन त्याच्याभोवती फिरले, वाकून हुंगलं, भुवया जाळून घेतल्या. फॉर्ममध्ये ‘धुराची दिशा’ असा रकाना होता. तिथे लिहिलं: नोंद घेता आली नाही. शेरा: नापास. एक गॅसवरचा आला, खाली छोटी टाकी, वर दगडगोटे, बटण दाबलं की ज्योत. काकूंना तो आवडला होता. त्या म्हणाल्या, लाकडं फोडायला नकोत. काका म्हणाले, राख नाही म्हणजे जळलंच नाही. काकू आत गेल्या.

नापास झालेले सगळे माझ्या घरी यायचे. म्हणजे घर भाड्याने मला दिलेलं, पण माळा काकांचा. त्याला त्यांचं कुलूप. मुंबईत अशीच पद्धत आहे: भाडेकरूने खाली राहायचं आणि घरमालकाच्या नको असलेल्या वस्तूंनी त्याच्या डोक्यावर. माझ्या पलंगाच्या बरोबर वर तो माळा होता. इतर माणसं नशिबाच्या टांगत्या तलवारीखाली झोपतात, मी चार फायर पिटांखाली झोपायचो.

पाचवा तो गच्चीवरचा. तो काकूंनीच आणवला, साकीनाक्याच्या एका फॅब्रिकेटरकडून. जाड पत्र्याची गोल परात, खाली राखेची थाळी, आणि तीन पाय. तो गृहस्थ स्वतः पोचवायला आला होता. फार बोलणारा नव्हता. काकांनी विचारलं, चौथा पाय कुठाय? तो म्हणाला, “तीन असले की डुगडुगत नाही साहेब, कुठेही ठेवा.” आणि चहा न घेता गेला.

आमच्या फॉर्ममध्ये पायांचे रकाने चार होते. त्या दिवशी गच्चीवर मी छत्रीखाली जो अहवाल लिहिला तो मला अजून पाठ आहे. पाय क्रमांक एक: आखूड. पाय क्रमांक दोन: आखूड. पाय क्रमांक तीन: आखूड. कशापेक्षा आखूड, ते लिहायला रकाना नव्हता. पाय क्रमांक चार: आढळला नाही. शेरा: नापास. मी सही करताना काकांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. म्हणाले, तुझ्यात इन्स्पेक्टर आहे.

मग दोरीने ओढून भांडं उपटून काढलं आणि माळ्यावर टाकलं.

जूनमध्ये माझं छत गळायला लागलं. तीन ठिकाणी. पायांची तीन भोकं, तीन धारा, पलंगाभोवती बरोबर त्रिकोण. मी तीन बादल्या लावल्या. तिन्ही एकाच क्षणाला भरायच्या, एक थेंब पुढेमागे नाही; भांड्याचे पाय सारखे असल्याचा ह्याहून चोख पुरावा जगातल्या कुठल्या प्रयोगशाळेने दिला नसता. काकांना बोलावलं. त्यांनी थेंबाखाली तळहात धरला, बराच वेळ विचार केला आणि थेंब लहानमोठे पडतात अशी तक्रार नोंदवली. गळतीतही त्यांना दर्जा हवा होता. काकू त्यांच्यामागून आल्या होत्या. त्यांनी बादल्यांकडे बघितलं, वर छताकडे बघितलं, मग माळ्याच्या दाराकडे.

“पाचवा ना हा?” त्यांनी मला हळूच विचारलं.

मी मान डोलावली.  त्या दिवसानंतर काकूंनी नवीन भांड्यांच्या चौकशा करणं बंद केलं. सहावा आणि सातवा काकांनी एकट्याने मागवले आणि एकट्याने नापास केले.

इकडे गाडीचं वय होत आलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी तिची पंधरा वर्षं भरणार होती. नवीन पासिंग करायचं तर गाडीची तपासणी, आणि ती तपासणी काका दुसऱ्या कुणाला करू देतील हे शक्य नव्हतं. त्यांनी आधीच टॉर्च घेऊन गाडीखाली जाऊन एकवीस दोष काढून ठेवले होते. जानेवारीत भांडुपचा भंगारवाला येऊन गाडी बघून गेला. बघून म्हणजे, त्याने तिच्या पोटावर हाताने दोनदा थाप मारली, गुरांच्या बाजारात मारतात तशी. काकू खिडकीतून बघत होत्या. संध्याकाळी त्या जिना चढून माझ्याकडे आल्या. पाच मजले, लिफ्ट बंद, पायात मोजे.

“फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी मी जाणार,” त्या म्हणाल्या. “गाडीची मुदत संपेल तेव्हा संपेल. तुला सुट्टी आहे?”

मी म्हटलं, आहे. नसती तरी म्हटलं असतं.

“स्वयंपाक येतो?”

“खिचडी.”

“चालेल. माळ्यावरून पाचवा काढ.”

माळ्याच्या कुलपाची किल्ली काकांकडे होती. बिजागरीचे स्क्रू मात्र माझ्या बाजूला होते. शुक्रवारी ऑफिसमधून येताना मी स्क्रूड्रायव्हर आणला आणि कुलूप जसंच्या तसं ठेवून अख्खं दार काढलं. भांडं खाली घेतलं तर तिन्ही पायांना अगदी एकाच उंचीपर्यंत डांबर चिकटलेलं, मोजे घातल्यासारखं.

शनिवारी सकाळी साडेसात वाजता काकू साडीवर स्पोर्ट शूज घालून ड्रायव्हरच्या जागी बसल्या. गेटमध्ये काका उभे. बनियन, क्लिपबोर्ड, कानावर पेन. मी भांडं घेऊन खाली आलो तसे ते आडवे आले. वाकून पायांकडे बघितलं. मला क्षणभर वाटलं, आता ह्यांना दिसेल: तिन्हींवर डांबर, तिन्हींवर सारखं, पाय बुडाले होते, आखूड नव्हते. डोळ्यांसमोर होतं.

“पायांना डांबर लागलंय,” काका म्हणाले. “हा आणखी एक दोष.” आणि लिहून घेतला.

मग ते खिडकीशी गेले. “अगं, नापास माल गेटबाहेर जात नाही.”

“डेव्हिएशनवर नेते,” काकू म्हणाल्या. “सही माझी.”

नियम काकांच्याच कारखान्याचा होता. ते नुसते पेनची टोपी काढघाल करत राहिले.

“येताय?” काकूंनी विचारलं. “मागे जागा आहे.”

काका म्हणाले, मंगळवारी आठवा येतोय, कोईमतूरहून; तो बघितल्याशिवाय तुलना पूर्ण होत नाही, आणि अर्धवट तुलनेवर ते आयुष्यात कुठे गेलेले नाहीत. काकूंनी थोडा वेळ वाट बघितली. इंजिन चालू होतं. मग त्यांनी गिअर टाकला आणि गाडी बारा फूट पुढे गेली, आणि तेराव्या फुटाला मी डोळे मिटले, कारण ह्या गाडीला तेरावा फूट असतो हे माझा मेंदू मानायला तयार नव्हता. डोळे उघडले तेव्हा आम्ही रस्त्यावर होतो. आरशात काका दिसत होते. ते घड्याळ बघून आमची निघायची वेळ लिहीत होते.

काकू गाडी झकास चालवायच्या. टोलनाका, भिवंडीचा फाटा, कल्याण. मागे ‘सावकाश, मुले उतरत आहेत’ वाचून ट्रकवाले सन्मानाने अंतर ठेवून होते. धरणाच्या काठी पोचलो तर जागेचा मालक आला. त्याने भांड्याकडे एकदा बघितलं. पाय आहेत ना, म्हणाला, ठेवा कुठेही. तपासणी संपली. अडीच वर्षांच्या कामाला त्या माणसाने अडीच सेकंदं घेतली.

जमीन खडकाळ, उतरती. शेजारी ठाण्याचं एक कुटुंब होतं, त्यांच्याकडे चकचकीत चार पायांचा फायर पिट. ते चौघं जण सूर्य बुडेपर्यंत त्याच्या एकेका पायाखाली दगड सरकवत होते. एक पाय टेकला की दुसरा उचलायचा. आमचा ठेवला तसा बसला. साकीनाक्याचा तो न बोलणारा माणूस मला तिथे आठवला.

सातच्या सुमाराला मी जाळ केला. काकूंनी खुर्ची ओढली, बूट काढले, मोजे काढून नीट घडी करून बुटात ठेवले, आणि पाय पुढे केले. मी त्यांचे पाय पहिल्यांदाच बघितले. लहान होते, फिकट, पाण्यात खूप वेळ राहिल्यासारखे. मी खिचडी केली. ती तळाला लागली, वर कच्ची राहिली. पदार्थात इतके दोष मावतात हे काकांना दाखवायला हवं होतं. काकूंनी सगळी खाल्ली, शेरा न देता. मध्येच एकदा म्हणाल्या, “बाबा सांगायचे, तळवे आधी तापतात, मग घोटे.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “बरोबर सांगायचे.”  मी अधूनमधून लाकूड सरकवत होतो. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला एवढं गप्प बसवणारं दुसरं काही मी अजून बघितलेलं नाही, आणि त्याचा रकाना कुठल्या फॉर्ममध्ये असतो मला माहीत नाही.

रविवारी दुपारी गाडी गेटात शिरली तेव्हा काका तिथेच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, कोरा फॉर्म. शर्ट घालण्यापुरतेच कालपासून हलले असावेत अशी शंका यायला जागा होती. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, मागचं दार उघडून भांड्याला हात लावला, बोटाला लागलेली राख हुंगली. मग ड्रायव्हरच्या खिडकीशी आले आणि सुरू झाले. पेटायला किती वेळ लागला. हवा खालून खेचत होता का. धूर कुठल्या दिशेला. ठिणगी किती लांब. राखेची थाळी गरम असताना निघते का. उतारावर कल किती आला, मोजला का, नाही मोजला तर का नाही मोजला. मी उत्तरं द्यायला तोंड उघडलं तर मला हाताने थांबवलं. सही ज्याची, उत्तर त्याचं. काकू स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून सगळं ऐकत होत्या. रकाने रिकामेच राहिले. शेवटी काका तळाच्या ओळीवर आले, पेन टेकवलं.

“बरं, ते जाऊ दे. निष्कर्षात काय लिहू?”

काकूंनी गाडी बंद केली, किल्ली काढली.

“पाय शेकले,” त्या म्हणाल्या.